मेंदूच्या वाफ्यात पाणी पोचलं का?

आपल्या वाशीम, रिसोड, मंगरुळपीर भागात एखाद्याचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की लोक म्हणतात, 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारं गेलं.' शब्द जुने आहेत आणि त्यांत भीती आहे. पण या आजारात वाऱ्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो रक्ताचा. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासं होतं, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्त भलतीकडे जातं, आणि त्या भागाच्या ताब्यातलं अंग निकामी होतं. आज मी बोलणार आहे ते मेंदूतलं हे रक्त कुठं पोचलं आणि कुठं नाही, हे बाहेरून बघण्याच्या विद्येबद्दल. मी कवी माणूस, पदवी बी.ए.ची. तेव्हा जे मला समजलं तेच, समजलं तसं सांगतो.

आधी मेंदूचा खर्च बघू. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्याकडे जातं. म्हणजे मेंदूच्या प्रत्येक १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. हा पुरवठा २०च्या खाली उतरला, की पेशींचं काम थांबतं. १०च्या खाली गेला, की त्या थोड्याच वेळात मरतात. या दोन आकड्यांच्या मधे जो भाग सापडतो, तो उपाशी असतो, गप्प असतो, पण जिवंत असतो. १९८१ साली शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहणातला शब्द दिला. ग्रहणात गडद छायेभोवती जी फिकट उपच्छाया असते, ती ही. लकव्याच्या उपचाराची सारी धडपड या उपच्छायेतल्या भागासाठी चाललेली असते. मेलेला भाग परत येत नाही, उपच्छायेतला येऊ शकतो.

तो किती वेळ तग धरतो? अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली एक हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेली असेल आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात. पण ही सरासरी आहे. काहींच्या मेंदूत आडवाटेच्या बारीक वाहिन्या चांगल्या असतात. त्यांचा मेंदू बारा-पंधरा तासही टिकतो. काहींचा दोन तासांत संपतो. घड्याळ सगळ्यांना सारखंच, मेंदू मात्र सारखा नाही. म्हणून डॉक्टरांना घड्याळाबरोबर मेंदूच्या आतही बघावं लागतं.

आता शेतकऱ्याच्या भाषेत बोलू. विहिरीवरची मोटर सुरू आहे, पाट भरून वाहतो आहे, एवढं दिसलं म्हणजे शेवटच्या वाफ्यातल्या रोपाला पाणी मिळालं असं होत नाही. पाट मधेच फुटलेला असेल, दांडात गाळ असेल. उलटही होतं. मोठा पाट बंद पडला, तरी शेजारच्या दांडातून पाणी झिरपत येऊन वाफा ओला राहतो. रक्तवाहिन्यांचं चित्र म्हणजे पाटाचं चित्र. वाफा ओला आहे की कोरडा, हे बघायला वेगळी तपासणी लागते. मेंदूच्या कणाकणात रक्त किती झिरपलं, हे मोजणारी ही तपासणी.

माणसानं यासाठी फार दिवस धडपड केली. इटलीतल्या तुरीन शहरात अँजेलो मोसो नावाच्या शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात एक तराजूसारखं मेज बनवलं. माणसाला त्यावर आडवं निजवायचं, समतोल साधायचा आणि त्याला विचार करायला लावायचा. विचार करताना रक्त डोक्याकडे गेलं तर डोक्याची बाजू खाली झुकेल, अशी त्याची कल्पना. पुढं १९४०च्या दशकात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसाला नायट्रस ऑक्साइड वायू हुंगायला दिला. मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे हे मोजून त्यांनी रक्तप्रवाहाचा भरवशाचा आकडा काढला. आकडा आला, पण तो पूर्ण मेंदूचा सरासरी आकडा होता. पूर्ण तालुक्याचा पाऊस कळला, कोणत्या गावात पडला ते कळलं नाही.

ते गाव दाखवलं एमआरआयनं. आपण रेडिओवर भेटतो आहोत, तेव्हा रेडिओच्याच भाषेत सांगतो. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचा गाभा म्हणजे एक नन्हासा भोवरा समजा. मोठ्या चुंबकात माणसाला ठेवलं, की हे भोवरे ठरावीक गतीनं गिरक्या घेतात. त्याच गतीची रेडिओलहर सोडली, की ते हलतात आणि स्वतःच बारीक रेडिओलहर परत पाठवतात. यंत्र ती ऐकतं. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते, ३ टेस्लाच्या चुंबकात सुमारे १२८ची. आपला एफएमचा पट्टा ८८ ते १०८चा. म्हणजे एफएमच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे आपल्या देहातलं पाणीही 'प्रसारण' करत असतं!

या विद्येत मुंबईचाही जुना धागा आहे. शास्त्रज्ञ एस. एस. धर्मट्टी यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड इथं काम करताना, १९५१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या सुरांत उत्तर देतात. पुढं त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचं काम उभं केलं. तेव्हा ही केवळ रसायनाची विद्या होती. तिच्यातून शरीराचं चित्र काढता येईल हे १९७०च्या दशकात पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी दाखवलं. त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

एमआरआयनं रक्तप्रवाह बघण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध टोचतात आणि ते मेंदूतून जाताना भराभर चित्रं घेतात. दोनेक मिनिटांत काम होतं. पण ज्यांची मूत्रपिंडं फार दुबळी आहेत, त्यांच्यात या औषधाच्या जुन्या प्रकारांनी कातडी आणि सांधे आवळून टाकणारा गंभीर आजार होऊ शकतो, हे २००६ साली लक्षात आलं. नवे प्रकार बरेच सुरक्षित आहेत, तरी डॉक्टर अशा रुग्णात जपूनच वागतात.

दुसरी वाट १९९२ साली अमेरिकेत जॉन डेट्री, ॲलन कोरेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात बाहेरचं काहीच टोचत नाहीत. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याचे भोवरे रेडिओलहरीनं उलटे करतात. म्हणजे रक्तालाच निशाणी लावतात. मग थोडं थांबून मेंदूचं चित्र घेतात. नंतर निशाणी न लावता दुसरं चित्र घेतात. दोन्हींची वजाबाकी केली, की जिथं जिथं निशाणीचं रक्त पोचलं तेवढंच उरतं. पाटाच्या तोंडाशी पाण्यात रंग टाकावा आणि कोणता वाफा रंगला ते बघावं, तसंच हे.

हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते किती नाजूक आहे, हे मला माझ्या थोरल्या बहिणीमुळं कळलं. आपांचं वय अडुसष्ट. मधुमेह जुना, मूत्रपिंडं अधू. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला आणि त्यांचं बोलणं बोबडं झालं. तालुक्याच्या ठिकाणाहून एका मोठ्या शहरात पोचेपर्यंत सात तास गेले. एका ठिकाणी कागदपत्रांत वेळ गेला, दुसऱ्या ठिकाणी यंत्र बंद होतं. शेवटी एमआरआय झाला. औषध टोचणं शक्य नव्हतं, म्हणून निशाणीच्या वाटेनं रक्तप्रवाह बघायचं ठरलं. तंत्रज्ञानं सांगितलं, पाच मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही. त्या धडधड आवाजात, घाबरलेल्या, अर्धं अंग ताब्यात नसलेल्या बाईला पाच मिनिटं म्हणजे काय! आतून आपांचा आवाज आला, "और कितना देर ऐसीच पडी रहूँ, बाबू?" चित्र फुटलं. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "वाहिनी बंद आहे हे दिसतंय. पण पुढचा भाग किती जिवंत आहे, हे या चित्रावरून मला खात्रीनं सांगता येत नाही." त्यांनी बाकीच्या तपासण्यांवरून सांभाळून निर्णय घेतला, वाहिनीतली गुठळी काढायची नाही. आपा आज काठी घेऊन चालतात. नावं आठवताना अडखळतात. मला बाबू म्हणायचं मात्र विसरल्या नाहीत.

त्या पाच मिनिटांचं कोडं मी मग माझ्या भाच्याला विचारलं. तो एका एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. तो म्हणाला, "मामू, वजाबाकी करून जे उरतं ना, ते मूळ चित्राच्या शंभरातला एखादाच भाग असतं." म्हणजे भरलेल्या बैलगाडीचं वजन करायचं, मग त्यात एक नारळ ठेवून पुन्हा करायचं, आणि दोन वजनांतून नारळाचं वजन काढायचं. काटा जरासा थरथरला तरी नारळ हरवतो. म्हणून हीच जोडी पुन्हा पुन्हा, तीस-तीसदा घेऊन सरासरी काढतात. एकेका जोडीला आठ-दहा सेकंद. झाली की नाही पाच मिनिटं?

यात तीन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, निशाणी टिकत नाही. साधारण दीड सेकंदात ती एक तृतीयांशाच्या आसपास उरते. म्हणून २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून सुचवलं, की निशाणी १.८ सेकंद लावा, मग १.८ सेकंद थांबा, म्हाताऱ्या माणसात २ सेकंद. पण बंद वाहिनीला वळसा घालून आडवाटेनं येणारं रक्त त्याहूनही उशिरा पोचतं. तोवर निशाणी पुसली गेलेली असते. वाफा ओला असतो आणि चित्रात कोरडा दिसतो. म्हणजे जिथं जाणून घ्यायची गरज सगळ्यात जास्त, तिथंच फसगत.

दुसरी अडचण बारकाव्याची. त्याच तज्ज्ञांनी तेव्हा चित्राचा ठिपका ३-४ मिलिमीटर रुंद आणि ४ ते ८ मिलिमीटर जाड सुचवला. मेंदूचा वरचा करडा थर स्वतःच २ ते ४ मिलिमीटर जाड. एकाच ठिपक्यात दोन-तीन प्रकारचा माल मिसळतो. मग ठिपका लहान का करत नाहीत? हिशेब करून बघा. ४ मिलिमीटरचा घन २ मिलिमीटरचा केला, की त्यातलं पाणी आठपट कमी होतं. आवाजही आठपट क्षीण. ती कसर सरासरीनं भरून काढायची तर आठ गुणिले आठ, म्हणजे ६४पट वेळ लागतो. पाच मिनिटांचे झाले ३२० मिनिटं. पाच तास वीस मिनिटं कोण निश्चल पडून राहील? आणि तिसरी अडचण तीच, आपांची. जितका वेळ जास्त, तितकं हलणं जास्त.

म्हणून वेग आणि बारकावा हे एकाच नाण्याचे भाव आहेत. वेग वाढवला, तर वाचलेल्या वेळात बारकावा विकत घेता येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा वेग कसा वाढला, ते थोडक्यात सांगतो.

एक, कान वाढवले. पूर्वी डोक्याभोवती लहर ऐकणारी मोजकी वेटोळी असायची. आता २०, ३२ वेटोळी असतात. प्रत्येकाला आपल्या जवळचं जास्त ऐकू येतं, त्यावरून आवाज कुठून आला हे गणितानं काढता येतं आणि तेवढी मोजमापं वाचतात. झ्युरिकच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली याची पक्की रीत मांडली.

दोन, पार्श्वभूमीचा गलका दाबला. ज्या पाण्याची वजाबाकीच व्हायची आहे, त्याचा आवाज आधीच कमी केला. बैलगाडीच हलकी केली, की नारळ लवकर सापडतो. शिवाय एकेक काप न घेता पूर्ण डोक्याचं घनचित्र एकदम घ्यायला लागले.

तीन, निशाण्यांची सरमिसळ. वेगवेगळ्या उशिरानं पोचणारं रक्त बघायला वेगवेगळी तपासणी न करता निशाणी लावण्या-न लावण्याचा एक संकेत ठरवतात. किराणा दुकानात पाच पुड्या एकेक न तोलता निरनिराळ्या गटांनी तोलाव्यात आणि नंतर हिशेबानं प्रत्येकीचं वजन काढावं, तसं. यामुळं उशिरा येणाऱ्या आडवाटेच्या रक्तालाही न्याय मिळतो.

चार, कमी मोजून पूर्ण चित्र उभं करणं. इथं मला गझलेची मैफल आठवते. शायर ओळ म्हणतो आणि शेवटचा शब्द यायच्या आधीच श्रोते तो म्हणून मोकळे होतात. कारण रदीफ ठरलेला असतो, काफियाचा अंदाज आलेला असतो. चित्रातही अशी एक शिस्त असते. तिचा फायदा घेऊन थोड्या मोजमापांवरून पूर्ण एमआरआय उभा करण्याची रीत स्टॅनफर्डच्या मायकल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी २००७ साली मांडली. पवईच्या आयआयटीत अजित राजवाडे आणि सुयश आवटे हे प्राध्यापक याच घराण्यातल्या गणितावर काम करत आले आहेत. अलीकडे हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आलं आहे. हजारो चित्रं बघून शिकलेला संगणक धूसर चित्र स्वच्छ करून देतो.

इथं मैफलीतलाच एक धोका सांगायला हवा. श्रोत्यानं ओळखलेला शब्द दर वेळी शायराचा असतोच असं नाही. चांगला शायर कधीकधी मुद्दाम वेगळा शब्द टाकतो आणि अख्खी मैफल चकित होते. आजार हा असाच अनपेक्षित शब्द आहे. हजारो निरोगी चित्रांवर शिकलेल्या संगणकानं आजाराचा ठिपका 'दुरुस्त' करून टाकला तर? म्हणून देखणं चित्र आणि खरं चित्र यांतला फरक तपासणारा जाणता डॉक्टर लागतोच.

पाच, मोठा चुंबक. ताकद वाढली, की आवाज मोठा येतो आणि रक्तावरची निशाणीही जास्त टिकते. २०१७ साली अमेरिकेत ७ टेस्लाच्या यंत्राला रुग्णांसाठी परवानगी मिळाली. फ्रान्समध्ये ११.७ टेस्लाच्या यंत्रानं २०२४ साली जिवंत माणसाच्या मेंदूच्या रचनेची चित्रं दाखवली. ०.२ मिलिमीटरचा बारकावा, तोही ४ मिनिटांत. पण त्या चुंबकाचं वजन १३२ टन. ते आपल्या जिल्ह्यात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

मग आपल्याला गरज कशाची आहे? वाशीम हा नीती आयोगानं २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, महाराष्ट्रातल्या चारांतला. २०२४ साली इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या शिवारातून जातो आणि जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई पूर्ण खुला आहे. रस्त्यानं तास वाचले. ते यंत्राच्या दाराशी रांगेत जाऊ नयेत. साधा हिशेब आहे. एका रुग्णाला ४० मिनिटं लागली, तर दहा तासांत १५ रुग्ण होतात. २० मिनिटं लागली, तर ३०. वेगवान तपासणी म्हणजे गरिबाचा नंबर आजच लागणं.

देशातही हालचाल आहे. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीनं बनवलेलं १.५ टेस्लाचं भारतीय यंत्र ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत जाहीर झालं आणि २०२५ मध्ये आपल्या विदर्भातच, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात, ते बसवलं गेलं. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेनंही स्वतःचं १.५ टेस्लाचं यंत्र घडवलं आणि त्याच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. यंत्र स्वस्त झालं तर जिल्ह्याजिल्ह्यात पोचेल. वर सांगितलेल्या युक्त्या बऱ्याचशा गणिताच्या आहेत, त्या १.५ टेस्लाच्या यंत्रावरही चालतात.

पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांचाही इथं विचार व्हावा. त्या आजारात लहान वयात पक्षाघाताचा धोका असतो. त्यांची पहिली चाचणी डोक्यावर ठेवायच्या सोनोग्राफीनं होते. पण पुढं मेंदूतलं रक्त बारकाईनं बघायचं तर सुई न टोचता, मूल चुळबुळ करायच्या आत होणारी तपासणी किती मोलाची!

आणि या सगळ्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. पण २०१८ साली दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं, की उपच्छायेतला भाग शिल्लक आहे असं ज्यांच्या तपासणीत दिसलं, अशा निवडक रुग्णांची गुठळी नळीनं काढून १६ आणि अगदी २४ तासांपर्यंतही फायदा होतो. खेड्यातून उशिरा पोचणाऱ्या माणसासाठी हा दरवाजा मोठा आहे. तो उघडायची किल्ली म्हणजे मेंदूतल्या रक्ताचं स्वच्छ चित्र.

पण ती किल्ली घरी बसून लागत नाही. तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलला जाईना, बोलणं अडखळलं, एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर मालिश, मंत्र, उद्या बघू, असं काहीही करू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, १०८ ला फोन करा आणि जिथं सीटी किंवा एमआरआयची सोय आहे, अशाच ठिकाणी थेट न्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधीच सांगा. आणि आत यंत्रात आपलं माणूस घाबरलं, तर बाहेरून त्याला आवाज देता येतो का, हे तंत्रज्ञाला विचारा. ओळखीच्या आवाजानं माणूस शांत पडून राहतं. चित्र स्वच्छ यायला तेवढीही मदत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)